महाविद्यालय विकास समिती आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक : प्रतिनिधित्वाची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयाचा कारभार हा केवळ व्यवस्थापनाचा विषय नसून ज्यांच्यावर अध्यापनाची प्रत्यक्ष जबाबदारी आहे त्यांचाही तो विषय आहे, हे तत्त्व महाराष्ट्रातील विद्यापीठ कायद्यांनी मान्य केले आहे. १९९४ च्या अधिनियमातील स्थानिक व्यवस्थापन समिती आणि तिच्या जागी २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने आणलेली महाविद्यालय विकास समिती, या दोन्हींत शिक्षकांचे निर्वाचित प्रतिनिधी आहेत. मात्र ‘शिक्षक’ कोणास म्हणावे, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर आजच्या महाविद्यालयीन वास्तवाला अपुरे पडते.

कायद्यातील रचना

१ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या या अधिनियमाच्या कलम ९७ नुसार समितीत व्यवस्थापनाचे अध्यक्ष व सचिव, प्राचार्यांनी नामनिर्देशित केलेला एक विभागप्रमुख, एक शिक्षकेतर कर्मचारी, चार स्थानिक सदस्य, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव असतात. प्राचार्य सदस्य-सचिव असतात. शिक्षकांच्या तीन जागा आहेत व त्यांपैकी किमान एक महिलेसाठी आहे. परंतु या तिघांना पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यामधून निवडून द्यावयाचे आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकास येथे उमेदवारी नाही आणि मतही नाही.

वार्षिक शैक्षणिक दिनदर्शिका ठरविणे, अंदाजपत्रक तयार करणे, नवीन अभ्यासक्रमांची शिफारस करणे, कर्मचारी कल्याणाबाबत सूचना करणे ही या समितीची कार्ये आहेत. नवीन अभ्यासक्रम आला की कार्यभार बदलतो. कार्यभार बदलला की सर्वप्रथम तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे तास वाढतात वा घटतात. निर्णयाचा परिणाम ज्याच्या उपजीविकेवर सर्वाधिक होतो, तोच निर्णयप्रक्रियेबाहेर राहतो. त्याने शिकविलेला विद्यार्थी समितीत बसू शकतो, तो स्वतः मात्र नाही, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

अपवादाचा नियम

पूर्णवेळ शिक्षक हा नियम व अन्य नियुक्ती हा अपवाद, या गृहीतकावर ही रचना उभी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतही कंत्राटी नियुक्त्या एकूण शिक्षकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात, अशी अट होती. प्रत्यक्षात पदभरती रखडल्याने अनेक महाविद्यालयांत निवृत्त शिक्षकाची जागा तासिका तत्त्वावरच भरली जात राहिली. परिणामी मतदार शिक्षकांची संख्या आटत जाते. ज्या विभागात एकही पूर्णवेळ शिक्षक उरलेला नाही, त्याचा आवाज समितीत कोण मांडणार, याचे उत्तर कलमात सापडत नाही.

आक्षेपांचा विचार

या मागणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्याची पुनर्नियुक्ती दरवर्षी व्यवस्थापनाच्या हाती असते, तो निर्भयपणे मत देऊ शकणार नाही. हा आक्षेप निराधार नाही. किंबहुना तोच सर्वांत गंभीर आहे. परंतु त्यातून निष्कर्ष निघतो तो संरक्षणाचा, वगळण्याचा नव्हे. दुसरा आक्षेप असा की, हे अध्यापक आठवड्यातील मोजके तासच महाविद्यालयात असतात. मात्र ज्यांना केवळ घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते, त्यांच्याकडून विनामोबदला उपस्थितीची अपेक्षा करावयाची आणि ती नसली की अनास्थेचा ठपका ठेवावयाचा, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

अमेरिकेतील विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेने २०१२ मध्ये याच प्रश्नावर अहवाल स्वीकारला. नियुक्तीचा प्रकार कोणताही असला तरी अध्यापकांना प्रशासकीय मंडळांत मताधिकार व निवडून येण्याचा अधिकार असावा आणि अंशकालिक अध्यापकांना या कामाचा मोबदला मिळावा, अशी शिफारस त्यात आहे. स्थायी शिक्षकांच्या मूल्यमापनातून मात्र त्यांना वगळता येईल, असेही अहवाल मानतो. अर्थात तेथील स्थायित्वाची पद्धती व येथील अनुदानित व्यवस्था भिन्न असल्याने अनुकरण उपयोगाचे नाही. परंतु सहभाग आणि संरक्षण यांचा एकत्रित विचार मार्गदर्शक ठरावा.

समारोप

या दृष्टीने तीन बदल विचारार्ह वाटतात. तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी गुप्त मतदानाने निवडलेला किमान एक प्रतिनिधी समितीत असावा. बैठकीचा वेळ मानधनास पात्र धरावा. आणि कार्यभार उपलब्ध असूनही अशा प्रतिनिधीस पुनर्नियुक्ती नाकारल्यास त्याची लेखी कारणे विद्यापीठास कळविणे बंधनकारक असावे. तिसऱ्या तरतुदीवाचून पहिली केवळ शोभेची ठरेल.

एका जागेने रिक्त पदांचा प्रश्न सुटणार नाही आणि प्रतिनिधित्व हा पदभरतीला पर्याय नव्हे. उलट, ‘प्रतिनिधी दिला’ एवढ्यावर समाधान मानून भरती लांबविली जाण्याचा धोका आहे. तथापि भरती होईपर्यंत जो अध्यापक अभ्यासक्रम पूर्ण करतो, उत्तरपत्रिका तपासतो व निकालाची जबाबदारी पेलतो, त्यास कायद्याने केवळ मनुष्यबळ मानावे की शिक्षक, हा प्रश्न शिल्लक राहतोच. कलम ९७ मधील ‘पूर्णवेळ’ या एका शब्दाचा फेरविचार त्यासाठी अगत्याचा आहे.