‘कशासाठी प्रसिद्ध?’ : जर्मन राजधान्यांच्या बिरुदांची झाडाझडती

गेल्या वर्षी माझी भाची परिचारिका म्हणून स्टुटगार्टला जायला निघाली. निघण्याच्या आठवडाभर आधी ती भेटायला आली आणि वही उघडून म्हणाली, “मामा, तू इतकी वर्षं जर्मनीवर वाचतोस. स्टुटगार्ट कशासाठी प्रसिद्ध आहे?” माझ्या तोंडून क्षणात उत्तर गेले, “मोटारींसाठी. मर्सिडीज, पोर्शे.” तिने ते लिहून घेतले. ती गेल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. हे उत्तर माझ्या वाचनातून आलेच नव्हते. शाळेत असताना सामान्यज्ञानाच्या मार्गदर्शकात ‘जोड्या लावा’ म्हणून जे दोन रकाने पाठ केले होते, त्यातले ते होते. म्युनिक म्हणजे बिअर, ड्रेस्डेन म्हणजे चिनी माती, हॅनोव्हर म्हणजे औद्योगिक प्रदर्शन. पुढे जर्मन शिकलो, ग्रंथालयातली जुनी पुस्तके मागवून वाचली, पण तो रकाना डोक्यातून पुसला गेला नव्हता.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. हिशेबखात्यात नोकरी केली आणि पंचेचाळिशीनंतर जर्मनचा पहिला धडा गिरवला. तरी आपल्याकडच्या प्रवासवर्णनांतून, मार्गदर्शिकांतून आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतून या शहरांना जी बिरुदे चिकटवली जातात, ती तपासायचा हक्क एका वाचकाला असतोच. ही बिरुदे खोटी असतात असे मी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच की, ती कोणी दिली, केव्हा दिली आणि तिच्याखाली काय झाकले गेले, हे कोणी विचारत नाही.

आधी ‘राजधानी’ या शब्दाकडे पाहू. राजधानी म्हटले की आपल्या मनात राज्यातले सर्वांत मोठे शहर येते. जर्मनीत सोळा घटकराज्ये आहेत. त्यांपैकी बर्लिन, हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन ही शहरेच राज्ये आहेत, म्हणून ती बाजूला ठेवू. उरलेल्या तेरांकडे पाहिले तर हिशेब चुकतो. हेसन राज्यात फ्रँकफर्टसारखे बलाढ्य शहर असताना राजधानी व्हीसबाडेन. नॉर्थऱ्हाइन-वेस्टफालियात कलोन मोठे, राजधानी डुसेलडॉर्फ. सॅक्सनीत लाइपझिगची लोकसंख्या जास्त, राजधानी ड्रेस्डेन. मेक्लेनबुर्गमध्ये रोस्टोक दोन लाखांवर, आणि राजधानी आहे जेमतेम लाखाच्या आसपासचे श्वेरीन. इंदूर आणि ग्वाल्हेर सोडून भोपाळ राजधानी कशी झाली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही.

याचे एक कारण जुन्या दरबारांत आहे. १९१८ पर्यंत जर्मनीत राजे, ड्यूक, ग्रँडड्यूक नांदत होते आणि प्रत्येकाचे एक निवासनगर होते. म्युनिकला विटेल्सबाख घराणे, ड्रेस्डेनला वेटिन, श्वेरीनच्या तळ्यातल्या बेटावर मेक्लेनबुर्गचे ड्यूक. (त्या बेटावरच्या राजवाड्यात आज राज्याची विधानसभा भरते.) चित्रसंग्रहालये, नाट्यगृहे, बागा हे सगळे या दरबारांच्या खर्चाने झाले, आणि पर्यटनपत्रिका आज जे ‘प्रसिद्ध’ म्हणून छापतात त्यातले बरेचसे त्यातलेच आहे. ड्रेस्डेनच्या चिनी मातीचेही तसेच. ती शेजारच्या माइसेनची, आणि तिचा कारखाना १७१० मध्ये काढला तो सॅक्सनीच्या इलेक्टरने.

दुसरे कारण मात्र पर्यटनपत्रिका सांगत नाहीत. आजची बहुतेक पश्चिमेकडची राज्ये १९४५-४६ मध्ये जेत्या लष्करांनी नकाशावर रेघा ओढून तयार केली. सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकनांनी मोठे हेसन राज्य जाहीर केले आणि त्याचा कारभार व्हीसबाडेनहून सुरू झाला. हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे, जुगारघराचे, श्रीमंत आजाऱ्यांचे गाव शेजारच्या शहरांच्या तुलनेत बॉम्बहल्ल्यांतून बरेच वाचले होते. इथल्याच जुगारघरात १८६५ साली दस्तयेव्हस्की पैसे हरला, एवढे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. पण हे गाव राजधानी का झाले, याचे उत्तर त्या जुगारघरात मिळत नाही.

व्हीसबाडेनच्या समोर, ऱ्हाइनच्या दुसऱ्या काठावर माइन्ट्स आहे. बिरुद काय, तर गुटेनबर्गची जन्मभूमी, छपाईचे माहेरघर. यात खोटे काही नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यात सुट्या खिळ्यांनी बायबल छापले गेले ते इथेच. दिवाळी अंक काढणाऱ्या कोणत्याही समाजाने या गावाला नमस्कार करावा. पण गुटेनबर्गच्या नावाखाली झाकले काय जाते पाहा. मार्च १७९३ मध्ये फ्रेंच सैन्याच्या आश्रयाने इथे निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा भरली आणि तिने प्रजासत्ताक जाहीर केले. ते काही महिनेच टिकले, प्रशियाच्या तोफांनी ते संपवले. ज्या डॉइचहाउस नावाच्या इमारतीत ती सभा भरली, तिथेच आज ऱ्हाइनलँड-फाल्ट्स राज्याची विधानसभा आहे. जर्मन भूमीवरचा लोकशाहीचा हा पहिला प्रयोग फ्रेंच संगिनींच्या सावलीत झाला, म्हणून पुढच्या शतकातल्या राष्ट्रवाद्यांना तो नकोसा होता. छपाई निरुपद्रवी. तिचे पुतळे उभारायला कोणाचीच हरकत नव्हती.

याच माइन्ट्सचा लचका १९४५ मध्ये तोडला गेला. ऱ्हाइनचा डावा काठ फ्रेंचांकडे, उजवा अमेरिकनांकडे अशी वाटणी झाली आणि माइन्ट्सचे नदीपलीकडचे आमोनेबुर्ग, कास्टेल, कोस्टहाइम हे भाग व्हीसबाडेनच्या कारभारात गेले. ती व्यवस्था आज ऐंशी वर्षांनंतरही तशीच आहे. गंमत अशी की, त्या भागांची नावे बदलली नाहीत. त्यांपैकी एकाचे अधिकृत नाव ‘माइन्ट्स-कास्टेल’, आणि ते शहर माइन्ट्सचे नाही, व्हीसबाडेनचे आहे. दोन राजधान्या समोरासमोर, मध्ये नदी, आणि एकीच्या हद्दीत दुसरीच्या नावाचे उपनगर. ‘जोड्या लावा’च्या रकान्यात हे बसवायचे कसे?

हॅनोव्हरचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १७१४ मध्ये इथला राजपुत्र इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज झाला आणि पुढची सव्वाशे वर्षे एकाच घराण्याने दोन्ही गाद्या सांभाळल्या. लायबनिझ चाळीस वर्षे इथेच नोकरीला होता आणि इथेच वारला. पण आपल्या उद्योजकांना हॅनोव्हर ठाऊक आहे ते प्रदर्शनामुळे. २०१५ मध्ये भारत भागीदार देश होता, तेव्हा ‘मेक इन इंडिया’चा सिंह तिथे उभा होता, आणि पुण्या-पिंपरीचे कितीतरी कारखानदार या प्रदर्शनाला जाऊन आलेले आहेत. मात्र प्रदर्शनांचे जुने शहर लाइपझिग होते, शतकानुशतके. ते सोव्हिएत अंमलाखाली गेले, म्हणून ब्रिटिश प्रशासनाने १९४७ मध्ये हॅनोव्हरलगतच्या एका धातूकारखान्याच्या रिकाम्या इमारतींत निर्यात-प्रदर्शन भरवले. भुकेच्या त्या दिवसांत तिथे रेशनच्या कुपनाशिवाय मासळी भरलेले पाव मिळत, म्हणून लोकांनी त्याला ‘मासळीपावांचे प्रदर्शन’ असे नाव ठेवले होते. म्हणजे हॅनोव्हरची कीर्ती ही जर्मनीच्या फाळणीची पावती आहे. ‘हॅनोव्हर प्रदर्शनासाठी प्रसिद्ध’ असे लिहिताना फाळणीचे नाव गाळले, तर वाक्य खरे असूनही वाचकाच्या हाती काही लागत नाही.

काही बिरुदे तर सरळ सत्तेने बहाल केलेली होती, आणि याविषयी आपली प्रवासवर्णने पूर्ण गप्प असतात. १९३५ मध्ये नाझी राजवटीने म्युनिकला ‘चळवळीची राजधानी’ अशी पदवी दिली, पुढच्या वर्षी स्टुटगार्टला ‘परदेशस्थ जर्मनांचे शहर’ अशी. या पदव्या गेल्या आणि त्यांच्या जागी बिअर, फुटबॉल, मोटारी आल्या. म्युनिकमध्ये नाझी पक्षाच्या मुख्यालयाच्या जागेवर दस्तऐवज केंद्र उभे राहायला २०१५ साल उजाडावे लागले. ऑक्टोबर उत्सवाच्या बिअरला कोणी दोष देत नाही. पण बिअर हे निरागस बिरुद आहे, आणि निरागस बिरुदाची सोय कोणाला होते, हा प्रश्न टीकाकाराने विचारायलाच हवा.

ड्रेस्डेनबाबत आकडाच बिरुद झाला आहे. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात किती माणसे मेली? दोन लाख हा आकडा अनेक भाषांतल्या पुस्तकांतून फिरत राहिला. त्याच्या मुळाशी एका सरकारी अहवालातल्या २०,२०४ या आकड्यापुढे एक शून्य वाढवून केलेला २,०२,०४० हा बनाव होता. नाझी प्रचारयंत्रणेने तो पसरवला. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये जास्तीत जास्त पंचवीस हजार असा निष्कर्ष दिला. पंचवीस हजार माणसे ही काही थोडी नव्हेत. शून्य वाढवून त्यांच्या मरणाला काही मोठेपण आले नाही, उलट संशय तेवढा आला.

कील, माग्डेबुर्ग, एरफुर्ट, पोट्सडाम, झारब्रुकेन यांबद्दल विस्ताराने लिहिण्याइतकी जागा नाही. कीलविषयी एवढेच की, शिडांच्या होड्यांच्या शर्यतींच्या या गावात नोव्हेंबर १९१८ मध्ये खलाशांनी बंड केले आणि ते पसरत जाऊन कैसरला गादी सोडावी लागली. माग्डेबुर्ग आपल्याला भौतिकशास्त्रातल्या अर्धगोलांमुळे माहीत. ज्या ओटो फॉन गेरिकेने ते अर्धगोल ओढायला घोडे जुंपले, तो १६३१ मधल्या शहराच्या भीषण कत्तलीतून वाचलेला आणि पुढे नगराध्यक्ष झालेला माणूस होता. निर्वाताचा अभ्यास करणाऱ्याने आधी स्वतःचे शहर ओसाड झालेले पाहिले होते.

आता पुन्हा स्टुटगार्ट. मी भाचीला दिलेले उत्तर निदान अर्धवट होते. २२ ऑगस्ट १९०७ रोजी याच शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मुंबईच्या मादाम कामांनी ‘वंदे मातरम्’ लिहिलेला हिंदी स्वातंत्र्याचा झेंडा फडकवला. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनीनगरे आहेत, तरी मुंबईकराला विचाराल तर तो मोटारीच सांगेल. आणि आज महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यावर जी शेकडो मुले-मुली जर्मनचे वर्ग लावून बसली आहेत, त्यांच्या हातात हाच रकाना आहे. त्यांना मोटारींच्या नव्हे, माणसांच्या शहरात जायचे आहे.

ती ज्या राज्यात जात आहेत, त्याच्या नावातल्या संयोगचिन्हाचाही एक इतिहास आहे. १९५१ च्या जनमतात तीन राज्ये एकत्र करण्याचा कौल मिळाला, पण मोजणी चार विभागांत केली म्हणून. संपूर्ण बाडेन एक धरले असते, तर तिथे विरोधाचे बहुमत होते. १९५२ मध्ये राज्य झाले, राजधानी स्टुटगार्टला, आणि बाडेनची जुनी राजधानी कार्ल्सरूह मागेच राहिली. देशाचे घटनात्मक न्यायालय तिथे आहे, तरी सल राहिलाच. न्यायालयाच्या निर्णयामुळे १९७० मध्ये बाडेनात पुन्हा मतदान घ्यावे लागले, तेव्हा सुमारे ८२ टक्क्यांनी एकत्र राहण्याला मत दिले. १९५६ मध्ये राजधानीपद गमावलेल्या नागपूरकरांना हा सल समजावून सांगायला नको.

हे सगळे मी भाचीला पत्रात लिहून पाठवले. पत्र लांबले, तिने ते सुटीच्या दिवशी वाचले असावे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. शहर चढउतारांचे आहे, म्हणाली, घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत जिन्यांचीच वाट, आणि टेकड्यांवर द्राक्षमळे. वर्गात शिकवलेली जर्मन तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी सापडत नाही. तिच्या वॉर्डात एक आजोबा आहेत. त्यांची बोली समजेना म्हणून तिने अदबीने विचारले, “आजोबा, ही श्वाबी बोली का?” आजोबा उशीवरून उठून बसले आणि सावकाश, स्पष्ट, पुस्तकी जर्मनमध्ये म्हणाले, “मुली, मी श्वाबी नाही. मी बाडेनचा आहे.”