एका पृष्ठावरील दोन प्रवाहचित्रे

मिल्टन व्हॅन डाइक यांनी १९८२ साली स्टॅनफर्ड येथून प्रसिद्ध केलेल्या ‘ॲन आल्बम ऑफ फ्लुइड मोशन’ या ग्रंथात द्रायूंच्या गतीची कृष्णधवल छायाचित्रे विषयवार लावलेली आहेत. गणिती विवेचन त्यात नाही. चित्र व त्याखालील मोजके टिपण एवढ्यावरच ग्रंथाचा भर आहे. अशा ग्रंथात संपादकाचे मत चित्रांच्या मांडणीतून व्यक्त होते. त्या दृष्टीने संक्षोभाच्या प्रकरणातील एक जोडी विचारार्ह आहे.

वरच्या चित्रात पाण्यात ४५ अंशांनी कललेल्या सपाट पट्टीमागे उमटलेला प्रवाहाचा माग आहे. पाण्यातील ॲल्युमिनियमच्या बारीक कपच्यांमुळे तो दृश्य झाला आहे. रेनल्ड्स अंक ४,३००. खालच्या चित्रात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ नँटकेटच्या उथळ समुद्रात १९७६ साली रुतलेले ‘आर्गो मर्चंट’ हे तेलवाहू जहाज दिसते. तेही प्रवाहाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून पडले होते आणि त्यातून गळणाऱ्या तेलाने तसाच नागमोडी माग काढला. येथे रेनल्ड्स अंक सुमारे एक कोटी आहे. दोन्ही मागांचे साम्य विलक्षण आहे आणि टिपणात त्याचा मुद्दाम उल्लेखही आहे.

साम्य खरे आहे. पण ते कशाचे, हा प्रश्न उरतो. ते मोठ्या भोवऱ्यांचे आहे. त्यांची घडण अडथळ्याच्या आकारावर व कलावर अवलंबून असते, श्यानतेवर फारशी नाही. मोठे भोवरे आपली ऊर्जा लहानांना व लहान ती अधिक लहानांना देत जातात. श्यानतेचा अंमल सुरू होतो तो या परंपरेच्या शेवटी. कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या सिद्धांतानुसार सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान भोवऱ्यांच्या आकारांचे गुणोत्तर रेनल्ड्स अंकाच्या तीन-चतुर्थांश घाताप्रमाणे वाढते. स्थूलमानाने पट्टीमागे ते ५०० च्या आसपास, तर जहाजामागे पावणेदोन लाखांच्या घरात जाते. मोठा भोवरा १५ सेंटिमीटरांच्या चित्रात बसविला, तर जहाजामागील लहानतम भोवऱ्याच्या वाट्याला एका मायक्रॉनहूनही कमी जागा येईल. ते दाखविणे कोणत्याही छपाईच्या आवाक्यात नाही. म्हणजे या दोन प्रवाहांत जे समान तेवढेच दृश्य आहे. त्यांतील मुख्य भेद कागदावर उतरूच शकत नाही.

शिवाय दोन्ही साक्षीदार भिन्न आहेत. तेल पृष्ठभागावर तरंगते, त्याखालील गतीविषयी ते मूक राहते. कपच्या पाण्यातच लोंबकळत असतात. तेलाची रेषा तर त्या क्षणीचा वेग सांगत नसून आजवरचा प्रवास सांगते. एफ. आर. हामा यांनी १९६२ साली दाखवून दिले की, स्वतंत्र भोवरे नसतानाही रंगरेषा गुंडाळल्या जाऊ शकतात. तेव्हा प्रत्येक वेटोळ्याला भोवरा मानणे धोक्याचे आहे.

याच ग्रंथातील ब्राउन व रॉश्को यांची जोडी अधिक बोधप्रद आहे. वायूंच्या दोन प्रवाहांमधील मिश्रणथर एकाच उपकरणात, एकाच छायापद्धतीने, दाब दुप्पट करून पुन्हा टिपला आहे. मोठी रचना जवळजवळ तशीच राहते, बारीक तपशील मात्र वाढतो. येथे साम्य व भेद दोन्ही डोळ्यांना दिसतात. प्रकाश थराच्या संपूर्ण रुंदीतून जात असल्याने बारीक तपशील काहीसा पुसला जातो, हे खरे; तरीही १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने, दीर्घकालीन सरासरीत हरवलेली सुव्यवस्था अशा चित्रांतूनच अभ्यासकांसमोर आणली. चित्राचे सामर्थ्य ते हेच.

म्हणून जहाजाचे चित्र गाळावे असे नाही. दोष चित्रात नसून त्याच्या टिपणातील एका उणिवेत आहे. त्यात रेनल्ड्स अंक आहे, पण त्या चित्रात किती लहान भोवरा दिसू शकतो, हे नाही. तो आकडा शेजारी असता, तर साम्याची मर्यादा वाचकाला तत्क्षणी कळली असती. प्रवाहचित्र प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने एवढी एक ओळ लिहिणे अगत्याचे आहे.