भाकरीतील लोह आणि निष्कर्षाच्या अटी : लोहसमृद्ध बाजरीविषयक संशोधनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक :

'बहुविद्याशाखीय' हा शब्द महाविद्यालयीन नियतकालिकांच्या मुखपृष्ठावर आता सर्रास आढळतो. वैद्यक, वनस्पतिशास्त्र, आहारशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या विषयांवरील निबंध एकाच अंकात शेजारी शेजारी छापले जातात. पण शेजार म्हणजे संवाद नव्हे. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक शिक्षणशास्त्राचा निबंध सहसा वाचत नाही, आणि वाचला तरी त्यातील निष्कर्ष तेवढा उचलतो. तो निष्कर्ष कोणत्या अटींवर उभा आहे, हे पाहण्याची जबाबदारी आपली नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

या समजुतीचे काय परिणाम होतात, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात लोहसमृद्ध बाजरीविषयीचे संशोधन निवडले आहे. याची कारणे दोन. पहिले असे की, हे संशोधन वरील चारही विद्याशाखांतून गेलेले आहे. दुसरे असे की, त्यातील महत्त्वाचे प्रयोग महाराष्ट्रातच, आपल्या नित्य आहारातील भाकरीवर झालेले आहेत. प्रयोगशाळेतील कामाचे मूल्यमापन करणे हा लेखाचा हेतू नाही. एका शाखेचा निष्कर्ष दुसरीकडे जाताना त्याच्या अटींचे काय होते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

१. वनस्पतिशास्त्र : दाण्यातील लोह

पिकातच पोषकद्रव्ये वाढवण्याच्या पद्धतीला जैवसंपृक्तीकरण म्हणतात. लोहाच्या गोळ्या वाटणे किंवा पिठात लोह मिसळणे याहून ही वाट वेगळी आहे, कारण यात बियाणे बदलते आणि खाणाऱ्याची सवय तीच राहते. बाजरीच्या बाबतीत यासाठी जनुकीय अभियांत्रिकीची गरज पडली नाही. पिकातच मुळात असलेल्या विविधतेतून अधिक लोहाची झाडे निवडून 'धनशक्ती' हा वाण सिद्ध झाला. हैदराबादजवळील इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने तो २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्यातील लोहाचे प्रमाण किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम सांगितले जाते. पुढे २०१८ साली बाजरीच्या नव्या वाणांसाठी लोहाची किमान मर्यादा किलोमागे ४२ मिलिग्रॅम आणि जस्ताची ३२ मिलिग्रॅम ठरवण्यात आली. उत्पन्नाबरोबर पोषणमूल्य हीदेखील वाणाच्या मान्यतेची कसोटी ठरली, ही गोष्ट नि:संशय स्वागतार्ह आहे.

परंतु '७१' हा आकडा वाणाचा गुणधर्म म्हणून उद्धृत होतो, तेव्हा त्याची पहिली अट गळते. दाण्यातील लोह हे वाणाइतकेच जमिनीवर आणि हवामानावर अवलंबून असते. एकाच वाणाचे लोह दोन गावांत वेगळे भरू शकते. शिवाय कणसावर बसणाऱ्या धुळीतही लोह असते. म्हणून काटेकोर संशोधक दाण्यातील अॅल्युमिनिअमचे प्रमाणही तपासतात. ते जास्त आढळले तर मोजलेल्या लोहात मातीचा वाटा असण्याची शक्यता लक्षात घेतात. ही दक्षता मूळ शास्त्रात आहे. प्रसारपत्रकात मात्र ती उतरत नाही.

२. पोषणशास्त्र : ताटातील लोह

दाण्यातील लोह म्हणजे शरीराला मिळालेले लोह नव्हे. बाजरीत फायटिक आम्ल आणि पॉलिफिनॉल ही लोहाचे शोषण रोखणारी द्रव्ये असतात. त्यामुळे लोह वाढले तरी शोषण वाढेलच असे आधी गृहीत धरता येत नव्हते. या प्रश्नाचे उत्तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी दिले. आफ्रिकेतील बेनिन देशात लोहाची स्थिती बेताची असलेल्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की, साध्या आणि लोहसमृद्ध अशा दोन्ही बाजरींतील लोहाचा साधारण साडेसात टक्के भाग शोषला जातो. टक्केवारी तीच राहिली आणि मूळ लोह अधिक होते, म्हणून शरीराला मिळालेले एकूण लोह जवळपास दुप्पट झाले. दुसरा अभ्यास कर्नाटकातील लहान मुलांवर झाला. त्यातही लोहसमृद्ध बाजरीतून शोषलेले लोह लक्षणीय अधिक भरले.

येथे थोडे अंकगणित उपयुक्त ठरेल. दिवसाला २०० ग्रॅम पीठ धरले, तर ७१ मिलिग्रॅमच्या वाणातून १४.२ मिलिग्रॅम आणि किमान मर्यादेच्या, म्हणजे ४२ मिलिग्रॅमच्या वाणातून ८.४ मिलिग्रॅम लोह ताटात येते. साडेसात टक्के शोषण गृहीत धरले, तर शरीरात जाणारे लोह अनुक्रमे सुमारे १.०७ आणि ०.६३ मिलिग्रॅम होते. वाण बदलल्याने रोजचा फरक पडतो तो अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. तो क्षुल्लक नाही. दीर्घकाळात त्याचा साठा होऊ शकतो. परंतु दाण्यातील २९ मिलिग्रॅमचा फरक सांगणे आणि शरीरातील ०.४४ मिलिग्रॅमचा फरक सांगणे यांचा वाचकाच्या मनावर होणारा परिणाम सारखा नसतो. शिवाय जेवणानंतर लगेच चहा घेतला की शोषण घटते, आणि भाकरीसोबत लिंबू असले की वाढते. म्हणजे वाणाइतकेच महत्त्व ताटातील इतर पदार्थांना आहे.

३. वैद्यकशास्त्र : रक्तातील लोह

२०१५ साली जुलिया फिंकेलस्टाईन आणि सहकाऱ्यांचा महाराष्ट्रातील शाळकरी मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. या संशोधनपरंपरेतील तो मध्यवर्ती निबंध होय. १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. सहा महिने दिवसातून दोन वेळा एका गटाला लोहसमृद्ध बाजरीची, तर दुसऱ्याला साध्या बाजरीची भाकरी देण्यात आली. चौथ्या महिन्यापर्यंत पहिल्या गटातील फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचे निदर्शक प्रथिन, लक्षणीय वाढले. ज्यांच्यात आरंभी लोहाची कमतरता होती, त्यांची ती सहा महिन्यांत दूर होण्याचे प्रमाण या गटात दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होते.

प्रयोगाची रचना भक्कम आहे, याविषयी शंका नाही. तरीही चिकित्सकाने विचारावयाचा पहिला प्रश्न 'तुलना कोणाशी?' हा आहे. प्रयोगातील लोहसमृद्ध बाजरीत किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह होते आणि तुलनेच्या बाजरीत २१ ते ५२ मिलिग्रॅम. म्हणजे दोहोंतील अंतर ३४ ते ६५ मिलिग्रॅम इतके होते. प्रत्यक्षात किमान मर्यादा पाळणारा वाण सोडून शेतकरी 'धनशक्ती' पेरू लागला, तर हे अंतर २९ मिलिग्रॅमच्या पुढे जाणार नाही. प्रयोगाने सिद्ध केले ते एवढेच की, पुरेसे अंतर असल्यास भाकरीतून लोहाची स्थिती सुधारू शकते. बाजारात मिळणाऱ्या बियाण्याने ती तितकीच सुधारेल, हा त्यापुढचा दावा आहे आणि तो वेगळ्या पुराव्याची अपेक्षा करतो. प्रयोगाला हार्वेस्टप्लस या जैवसंपृक्तीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या कार्यक्रमाचे अर्थसाहाय्य होते. एवढ्याने निष्कर्ष बाद होत नाही; मात्र स्वतंत्र पडताळणीचे महत्त्व वाढते.

मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये १२ ते १८ महिने वयाच्या २२३ बालकांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाकडे या दृष्टीने पाहावे. तेथे नऊ महिने लोह व जस्तसमृद्ध बाजरीचे पदार्थ देऊनही साध्या बाजरीच्या तुलनेत लोहाच्या निदर्शकांवर किंवा वाढीवर एकूणात लक्षणीय परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष २०१५ च्या निबंधाला खोडून काढत नाही. वय वेगळे, परिस्थिती वेगळी, आहारातील बाजरीचे प्रमाणही वेगळे. परंतु तो पहिल्या निष्कर्षाची सीमा आखून देतो. बाजरीचे गुणगान करणाऱ्या लेखनात पहिला निबंध आवर्जून येतो आणि दुसरा क्वचितच येतो, ही गोष्ट बोलकी आहे.

मोजमापाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सहा ते ५९ महिने वयाच्या ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६–१८) एक ते चार वर्षांच्या बालकांमध्ये हे प्रमाण ४१ टक्के होते. वयोगट आणि काळ यांत थोडा फरक आहे. तथापि एका पाहणीत बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब तपासला गेला आणि दुसरीत शिरेतून काढलेले रक्त, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. ब-१२ जीवनसत्त्व व फोलेट यांची कमतरता, जंतुसंसर्ग, थॅलेसेमिया ही कारणेही असतात. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचा विचार करावाच लागतो. 'रक्तक्षय ६७ टक्के, म्हणून लोहसमृद्ध बाजरी' हे विधान म्हणूनच तर्काच्या दोन पायऱ्या गाळून केलेले आहे.

४. शिक्षणशास्त्र : वर्गातील लोह

सॅम्युअल स्कॉट आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधील निबंधाने हे संशोधन शाळेच्या वर्गापर्यंत आणले. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या १४० मुलामुलींमध्ये सहा महिन्यांनंतर लोहसमृद्ध बाजरीच्या गटाची अवधान व स्मृतीच्या चाचण्यांतील प्रगती अधिक आढळली. साध्या प्रतिक्रियेला लागणारा वेळ या गटात तुलनेच्या गटापेक्षा सुमारे दुप्पट घटला. लोह मेंदूच्या कार्याला आवश्यक असल्याने हा निष्कर्ष जीवशास्त्रीयदृष्ट्या संभाव्य आहे, आणि शिक्षकाच्या दृष्टीने तो मोलाचाही आहे. उपाशी किंवा अशक्त मुलाला आपण 'लक्ष देत नाही' असे म्हणतो, तेव्हा दोष त्याच्या स्वभावाला देतो. हा निबंध तो दोष शरीराच्या स्थितीत शोधावयास सांगतो.

परंतु चाचणीतील प्रतिक्रियेचा वेळ म्हणजे शिकणे नव्हे. मिलिसेकंदांत मोजलेली सुधारणा वाचन, आकलन किंवा गणितात किती उतरते, हे शोधणे शिक्षणशास्त्राचे काम आहे. त्यासाठी अध्यापनाचा दर्जा, हजेरी, भाषा, घरची कामे असे इतर घटक विचारात घ्यावे लागतील. 'बाजरीने बुद्धी वाढते' असे वाक्य एखाद्या चर्चासत्रात उच्चारले जाते, तेव्हा मूळ निबंधातील वयोगट, कालावधी आणि चाचणीचे स्वरूप या तिन्ही अटी नाहीशा झालेल्या असतात.

५. सीमेवर गळणाऱ्या अटी

वरील चार टप्पे एकत्र पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. कोणत्याही एका निबंधाने असत्य सांगितलेले नाही. प्रत्येक संशोधकाने आपल्या शाखेच्या शिस्तीत अटी नोंदवल्या आहेत. गळती होते ती दोन शाखांच्या सीमेवर. आहारतज्ज्ञ वनस्पतिशास्त्राचा आकडा घेतो, पण जमिनीची अट सोडतो. वैद्यक शोषणाचा निष्कर्ष घेते, पण चहा आणि लिंबू विसरते. शिक्षक रक्ताचा निष्कर्ष घेतो, पण 'ज्यांच्यात कमतरता होती त्यांच्यात' हे शब्द वगळतो. चार प्रामाणिक विधानांतून एक अतिशयोक्त विधान तयार होते आणि त्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

याची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागते. वसतिगृहातील एखाद्या मुलीचा थकवा ब-१२ च्या अभावाचा किंवा सिकलसेलचा असेल आणि तिला भाकरी बदलण्याचा सल्ला देऊन आपण समाधान मानले, तर तिची तपासणी लांबते. शेतकऱ्यालाही हा हिशोब चुकत नाही. त्याला भाव मिळतो तो क्विंटलला, दाण्यातील लोहाला नव्हे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा महाविद्यालयांतूनही बाजरीवर व्याख्याने आणि पाककृती स्पर्धा झाल्या. त्या उत्साहाला विरोध करण्याचे कारण नाही; पण उत्साह हा पुराव्याचा पर्याय होऊ शकत नाही.

समारोप :

२०१० च्या विनियमांनंतर शोधनिबंधांना गुण मिळू लागले आणि निबंधांची संख्या वाढली. दर्जासाठी पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने केअर यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करून नियतकालिकांच्या निवडीची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपवण्यात आली. म्हणजे आता दर्जाचा प्रश्न यादीकडे बोट दाखवून सुटणार नाही. तो आपल्याला, निबंध लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या प्राध्यापकांना, सोडवावा लागेल.

त्यासाठी एक साधी प्रथा सुचवावीशी वाटते. बहुविद्याशाखीय नियतकालिकातील प्रत्येक निबंध विषयतज्ज्ञाबरोबरच अन्य शाखेतील एका समीक्षकाने वाचावा. त्याने विषयाचे ज्ञान दाखवण्याची आवश्यकता नाही. त्याने चार प्रश्न विचारावेत : तुलना कोणाशी केली? काय मोजले आणि कशाने मोजले? निष्कर्ष कोणाला लागू आहे? विरुद्ध निष्कर्ष देणारे संशोधन उद्धृत केले आहे काय? हे प्रश्न विचारण्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. मराठीच्या प्राध्यापकालाही ते विचारता येतात, कारण शब्दांच्या मर्यादा तपासणे हेच त्याचे रोजचे काम असते.

लोहसमृद्ध बाजरीचे संशोधन थोर आहे, ते तिच्याविषयी केल्या जाणाऱ्या दाव्यांमुळे नव्हे. एका दाण्याचा माग शेतापासून वर्गापर्यंत काढण्याची चिकाटी चार शाखांनी दाखवली आणि प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध केला, हे त्याचे खरे श्रेय होय. ते श्रेय राखावयाचे असेल, तर निष्कर्षासोबत त्याच्या अटीही उद्धृत केल्या पाहिजेत.