खर्ड्यातला विल

६ ऑक्टोबर २०२० रोजी बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओने ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम विक्रीला काढला, तेव्हा त्याच्या तीन अंकांपैकी फक्त पहिला अंक खेळता येत होता, तोही अपुरा. किंमत मात्र पूर्ण, साठ डॉलर. उरलेले काम साधारण वर्षभरात होईल असा अंदाज होता. पूर्ण खेळ आला ३ ऑगस्ट २०२३ रोजी.

या पद्धतीला ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. स्टीम या विक्रीमंचाने २०१३ मध्ये तिला वेगळा विभाग दिला. खेळ आज जसा आहे तसा आवडत असेल तरच घ्या, ही त्यामागची अट. माझ्या भाच्याने ती मला एका वाक्यात सांगितली होती : “मावशी, पुढे काय येईल त्याचे पैसे देऊ नकोस.” मी अर्थातच पुढे काय येईल त्याचेच पैसे दिले.

साहित्याच्या वाचकाला इथे पहिल्यांदा आठवते ती क्रमशः कादंबरी. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली, तिचे वाचकही असेच खोळंबले असतील. पण ही तुलना अर्ध्यावर तुटते. छापलेला हप्ता लेखकाच्या हातून सुटलेला असतो. विसाव्या प्रकरणात अडचण आली म्हणून वाचकाच्या ट्रंकेतले तिसरे प्रकरण बदलता येत नाही. अर्ली ॲक्सेसमध्ये येते. तिथे खेळणाऱ्याच्या हाती असतो तो खर्डा, आणि खर्डा मागेही बदलतो. म्हणून इथे धीर दोन प्रकारचा लागतो : एक वाट पाहण्याचा, दुसरा हातातले सोडून देण्याचा. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते. मला दुसऱ्याविषयी बोलायचे आहे.

आधी या पद्धतीच्या पदरात तिचे माप टाकते. विक्रीच्याही आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये खेळाचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा खेळणाऱ्याला निवडायची वाक्ये भूतकाळात होती : ‘मी त्याला विचारले की तो इथे काय करतो आहे’, अशा धर्तीची. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना ते खटकले, आणि काही महिन्यांत वाक्ये थेट बोलण्याची झाली : ‘तू इथे काय करतोस?’ अनुवादक म्हणून मला त्या भूतकाळाचे आकर्षण होते. त्यात पुढे कधीतरी शेकोटीपाशी बसून सांगितलेल्या गोष्टीचा सूर होता. पण लोकांचे बरोबर होते. पुढची घटना फाशावर ठरणार असेल तर ती घडून गेल्याच्या सुरात बोलणे खोटे वाटते.

पहिला अंक असा जवळजवळ तीन वर्षे हजारो नजरांखालून गेला, आणि ते जाणवते. कुठल्याही वाटेने जा, कुणालाही मारा, वाचवा, गोष्ट तुमची दखल घेते. शहरात घडणारा तिसरा अंक अर्ली ॲक्सेसमध्ये कधीच नव्हता. तो अधिक भव्य आहे आणि अधिक विसविशीतही. धागे घाईने गाठ मारल्यासारखे संपतात. कार्लाख या पात्राचा शेवट खेळ आल्यावर महिन्याभरात वाढवावा लागला, आणि सगळे सोबती पुन्हा भेटतात तो उपसंहार नोव्हेंबर २०२३ अखेरीस आला. जिथे पहिले वाचक होते तिथे वीण घट्ट आहे, नव्हते तिथे सैल.

आता विल. खर्ड्यातला विल लोकनायकाचा रुबाब मिरवणारा, पण गॉब्लिनांचा विषय निघाला की आतला सूड बाहेर येणारा माणूस होता. स्वतःचीच दंतकथा सांगता सांगता तो मध्येच भेसूर व्हायचा. अंतिम खेळात हे पात्र नव्याने लिहिले गेले, आवाजही दुसऱ्या नटाचा आला. नवा विल उमदा, सौम्य, वडिलांच्या सावलीत वाढलेला. त्याची गोष्ट पुढच्या अंकांत नीट पोचते; जुन्याची पोचली असती की नाही, कोण जाणे. पण जुना विल आता कुठेच नाही. अर्ली ॲक्सेसमध्ये जतन केलेले खेळ पूर्ण आवृत्तीत चालले नाहीत. मी त्याच्यासोबत घालवलेले तास माझ्याच संगणकावर निराधार झाले.

हा राग मला ओळखीचा होता. काही वर्षांपूर्वी एका गुजराती कादंबरीची आठ प्रकरणे मराठीत आणून झाल्यावर लेखकाने सुधारित मजकूर पाठवला. त्यातली तोंडाळ आत्या समजूतदार झाली होती. कादंबरी सुधारली होती, यात शंका नाही. तरी मी दोन दिवस त्यांच्या फोनला उत्तर दिले नाही. आत्या त्यांची होती हे मला मान्य होते. पण तिचे मराठीतले तोंड मी घडवले होते. शेवटी नवी आत्या केली. जुनी मात्र माझ्या फाइलीत आहे, अधूनमधून उघडून पाहते.

फरक एवढाच, की खेळणाऱ्याकडे ती फाइल नसते. आणि धीर धरला की फळ मिळतेच असेही नाही. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला; पुढच्याच वर्षी तो घडवणारा स्टुडिओ बंद झाला आणि खेळ अपुरा राहिला. म्हणून अधीर खेळाडूला ‘कलेची प्रक्रिया समजून घ्या’ असे ऐकवणे मला पटत नाही. त्याने पैसे मोजले आहेत, वेळ दिला आहे, खेळातले दोष शोधून कळवले आहेत. त्याला पहिला वाचक मानायचे तर त्याने वाचलेले निदान पुसू नका. ग्रंथालय पहिली आवृत्ती ठेवते, तसा जुना खर्डा उघडता येईल असा ठेवा. तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. काही खेळ आपल्या जुन्या आवृत्त्या खुल्या ठेवतात.

मी मागच्या वर्षी पूर्ण खेळ पुन्हा सुरू केला आणि नव्या विलला सोबत घेतले. भला माणूस आहे. फक्त गॉब्लिनांच्या तळाशी पोचलो की मी अजून एका वाक्याची वाट पाहते, जे तो आता बोलत नाही.