न थकणारे शरीर : युरोपीय चित्रकलेतील मॅनिकिन

नाटकाच्या किंवा कादंबरीच्या परीक्षणात ‘पात्रे कळसूत्री बाहुल्यांसारखी वागतात’ असे वाक्य आले, की लेखकाला काय सुनावले आहे हे मराठी वाचकाला लगेच कळते. फ्रान्समध्ये अठराव्या शतकातले कलासमीक्षक चित्रकारांवर जवळपास हाच आरोप करत. तिथे बाहुलीच्या जागी शब्द होता मॅनिकिन. चित्रातल्या माणसाच्या आड मॅनिकिन जाणवला, की चित्रकार पकडला गेला असे समजले जाई. गंमत अशी, की हे साधन चित्रशाळांमध्ये सर्रास वापरले जात होते आणि ते टीका करणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणजे मॅनिकिन वापरण्याला कुणाची फारशी हरकत नव्हती. तो दिसण्याला होती. या लेखात मला त्या लपवालपवीचा माग काढायचा आहे, कारण मॅनिकिनबरोबर इतरही बरेच काही लपवले गेले असे माझे म्हणणे आहे.

आधी शब्दाविषयी. ‘मॅनिकिन’चे मूळ डच भाषेत आहे, अर्थ ‘छोटा माणूस’. इंग्रजी चित्रकार या वस्तूला ‘ले फिगर’ म्हणत. त्यातला ‘ले’ हादेखील डच शब्दाचाच अवशेष असून मूळ अर्थ साधारण ‘सांध्यांचा माणूस’ असा होतो. आपल्याकडे कपड्यांच्या दुकानात त्याला ‘पुतळा’ किंवा ‘डमी’ म्हणतात. चौकातल्या महापुरुषाला आणि दुकानाच्या काचेआडच्या साडी नेसवलेल्या बाईला आपण एकच शब्द वापरतो. चित्रशाळेतला मॅनिकिन मात्र या दोघांहून वेगळा. तो पाहण्यासाठी नव्हता. त्याच्याकडे पाहून दुसरे काही काढण्यासाठी होता.

त्याची जुनी आणि विश्वासार्ह नोंद इटलीत सापडते. पंधराव्या शतकात फिलारेते या वास्तुशिल्पकाराने आपल्या ग्रंथात चित्रकाराला सल्ला दिला आहे, की हात, पाय आणि मान वळवता येईल अशी लाकडी आकृती करून घ्यावी आणि तिच्यावर कपडे घालून चुण्यांचा अभ्यास करावा. सोळाव्या शतकात वासारीने लिहिलेल्या कलावंतांच्या चरित्रांत फ्रा बार्तोलोमेओची (1472-1517) हकिकत येते. या धर्मगुरू चित्रकाराने माणसाच्या उंचीचा, सांधे हलणारा लाकडी पुतळा करून घेतला होता. त्यावर खरी वस्त्रे चढवायची आणि चित्र पुरे होईपर्यंत ती जशीच्या तशी ठेवायची. तो पुतळा पुढे वासारीकडे आला. कीड लागलेली असूनही त्याने तो आठवण म्हणून जपला.

या हकिकतीतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. वस्त्राची चुणी ही चित्रकाराची मोठी डोकेदुखी असते. जिवंत माणूस श्वास घेतो, अवघडतो, खांदा सैल सोडतो, आणि तासाभराच्या कष्टाने मांडलेली चुणी मोडते. लाकडाला श्वास नाही. त्यामुळे फ्रा बार्तोलोमेओच्या संतांच्या अंगावरची जड, संथ वस्त्रे जी शांतता देतात, तिचा एक भाग भक्तीचा असेल, पण एक भाग सुताराचाही आहे. असे म्हटल्याने चित्राची प्रतिष्ठा कमी होते असे मला वाटत नाही. वासारीलाही तसे वाटले नसावे. नाही तर त्याने किडका लाकूडफाटा घरात ठेवला नसता.

मग लाज कधी आली? माझ्या समजुतीप्रमाणे ती अठराव्या शतकात, व्यक्तिचित्रांचा बाजार वाढला तेव्हा आली. लंडनमध्ये चित्र काढून घेणारा गिऱ्हाईक चेहऱ्यापुरता चित्रकारासमोर बसे. नंतर त्याचा पोशाख चित्रशाळेत पोहोचता होई, तो मॅनिकिनवर चढवला जाई आणि धड, हात, रेशीम, लेस असे सारे निवांत रंगवले जाई. आर्थर डेव्हिस (1712-1787) या चित्रकाराचा छोटा मॅनिकिन त्याच्या जन्मगावी, प्रेस्टनच्या हॅरिस संग्रहालयात आजही आहे. डेव्हिसच्या चित्रांतली सुखवस्तू कुटुंबे पाहिली, की सर्वांचे कोपर एकाच कोनात वळलेले आणि सर्वांची मान एकाच नम्रतेने ताठ दिसते. ते कोपर कुणाचे हे ओळखायला फार वेळ लागत नाही. शिल्पकार रूबियाकचा मॅनिकिन याहून सुबक. आत धातूचा सांगाडा, वर बूच, घोड्याचे केस आणि लोकर, त्यावर रेशमी विणीचे आवरण. माणसाच्या त्वचेपर्यंत पोहोचण्याची ही धडपड पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कारागिरांनी चांगलीच वाढवली. पॉल युओ हा त्यांतला नावाजलेला. लाकूड-धातूचा सांगाडा, भरीव अंग आणि रंगवलेले डोके असलेल्या या पूर्णाकृती बाहुल्या महाग होत्या आणि दुरून पाहणाऱ्याला क्षणभर फसवतील इतक्या नेमक्या.

पण लंडनच्या त्या बाजारात मॅनिकिनपाशी आणखी एक माणूस उभा होता, त्याचे नाव चित्रावर येत नसे. त्याला वस्त्रचित्रकार म्हणावे. अँटवर्पहून आलेला जोसेफ व्हान आकेन (मृत्यू 1749) हा त्यांतला सर्वांत यशस्वी. थॉमस हडसन, ॲलन रॅमझी असे प्रतिस्पर्धी चित्रकार चेहरा रंगवून कॅनव्हास त्याच्याकडे पाठवत आणि उरलेली बाई किंवा उरलेला बुवा तो पुरा करून देई. त्यामुळे वेगवेगळ्या सह्यांच्या चित्रांत तोच झगा, तीच हाताची ठेवण आढळते. व्हान आकेन वारला तेव्हा होगार्थने त्याच्या अंत्ययात्रेचे व्यंगचित्र काढले. शवामागून रडत चाललेत ते लंडनचे चित्रकार. विनोद जिव्हारी लागावा असाच आहे. आता मॅनिकिनवरचा आरोप पुन्हा वाचा. ‘हे चित्र निर्जीव आहे’ असे म्हणताना टीकाकार लाकडाला दोष देतो; पण चित्रात जो सलतो तो केवळ लाकडाचा सांधा नसतो. एका माणसाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू झाले, तो सांधाही तिथे असतो. मानेखालची ही रेघ झाकायची, म्हणून मॅनिकिनही झाकायचा.

एकोणिसाव्या शतकात निसर्गाशी प्रामाणिक राहण्याच्या शपथा घेतल्या गेल्या, तरी ही वस्तू चित्रशाळेतून हलली नाही. उलट तिचे काम वाढले, कारण बारकावा जितका अधिक, तितका वेळ जास्त. मिले या इंग्रज चित्रकाराचे ‘द ब्लॅक ब्रन्स्विकर’ (1860) हे चित्र घ्या. लढाईवर निघालेला सैनिक दाराशी उभा आहे आणि त्याची प्रेयसी त्याला बिलगून अडवते आहे. तरुणीसाठी बसली होती चार्ल्स डिकन्सची मुलगी केट. सैनिकासाठी राजरक्षक दलातला एक शिपाई. पण दोघे एकमेकांसमोर कधी उभे राहिलेच नाहीत. केट बिलगली ती लाकडी पुरुषाला आणि शिपाई वाकला तो लाकडी बाईपुढे. घरंदाज मुलीने परपुरुषाच्या मिठीत तासन्‌तास उभे राहायचे नाही, हे त्या काळाला धरूनच झाले. चित्र पाहताना विरहाने गळा दाटून येणाऱ्या प्रेक्षकाला हे कळले तर? माझे उत्तर असे, की त्याने चित्र नाकारू नये, अधिक नीट पाहावे. तिच्या पांढऱ्या सॅटीनवर प्रकाश थरथरतो आणि तरी चुणी जागची हलत नाही. निरोपाचा क्षण थांबावा ही त्या मुलीची इच्छा, आणि तो खरोखर थांबवून धरणारे लाकूड. हे दोन्ही एकाच चित्रात आहे.

या लपवाछपवीवर निर्णायक चित्र काढले ते देगाने. लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात त्याने 1878 च्या सुमारास काढलेले, आँरी मिशेल-लेव्ही या चित्रकारमित्राचे चित्र आहे. चित्रकार आपल्या खोलीच्या कोपऱ्यात, खिशात हात घालून, भिंतीला टेकून उभा. भिंतींवर त्याची मोकळ्या हवेतली चित्रे. पायाशी रंगांची पेटी उघडी पडलेली, आणि तिथेच जमिनीवर टोपी व झगा घातलेली बाहुली कोसळल्यासारखी बसलेली. झाडाखालची ती ताजी, हसरी बाई कुठून आली याचे उत्तर देगा एका नजरेत देतो. यात नुसती खोडी नाही. बाहुलीचा पडलेला देह आणि चित्रकाराचे रिकामे डोळे शेजारी ठेवले, की दोघांपैकी अधिक दमलेला कोण, असा प्रश्न पडतो.

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाने 2014 मध्ये या विषयावर मोठे प्रदर्शन भरवले; ते पुढे पॅरिसच्या बूर्देल संग्रहालयात गेले. जेन मनरो यांनी त्यानिमित्त लिहिलेला ग्रंथ हा या विषयातला आजचा मुख्य आधार आहे आणि विखुरलेल्या वस्तू एकत्र आणण्याचे श्रेय त्यांचेच. मात्र त्याच्या उपशीर्षकात ‘उपयोगापासून फेटिशपर्यंत’ असा प्रवास सुचवला आहे आणि तिथे माझे थोडे अडते. आधी साधन, मग वासनेचे निधान, अशी ती सरळ रेघ आहे. प्रत्यक्षात मॅनिकिनचा जो गुण उपयोगाचा म्हणून वाखाणला गेला, तोच पुढे वासनेचा विषय झाला : तो थकत नाही, बोलत नाही, ठेवू तसा राहतो. एका अवस्थेतून दुसरी निघाली असे म्हणण्यापेक्षा पहिलीत दुसरी होतीच, असे मी म्हणेन.

कोकोश्काच्या बाहुलीचे प्रकरण याचा पुरावा आहे. आल्मा मालर त्याला सोडून गेली. तिने 1915 मध्ये वाल्टर ग्रोपियसशी लग्न केले. 1918 मध्ये कोकोश्काने म्युनिकच्या हर्मिने मूस हिला आल्माच्या आकाराची बाहुली करायला सांगितली. त्वचा कशी हवी, कुठे भराव हवा, स्पर्श कसा लागला पाहिजे याच्या बारीक सूचना त्याने पत्रांतून दिल्या. 1919 मध्ये बाहुली आली, तेव्हा केसाळ आवरणाचे ते ध्यान पाहून तो संतापला. तरीही त्याने तिच्यावरून रेखाटने केली, चित्रे रंगवली. ‘निळ्या पोशाखातील स्त्री’ हे स्टुटगार्टमधले चित्र त्यांतलेच. शेवटी ड्रेस्डेनमधल्या एका मेजवानीत बाहुलीचे मुंडके उडवले गेले, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. ही कथा कलावंताच्या वेडाची म्हणून रंगवून सांगतात. त्यात दोन बायका विसरल्या जातात. एक, जिने नकार दिला आणि जिचा नकार शिवणकामाने पुसायचा होता. दुसरी हर्मिने मूस. ती स्वतः कलावंत होती, आणि आज तिची ओळख उरली आहे ती एका फसलेल्या बाहुलीची शिवणारी म्हणून. व्हान आकेनला निदान होगार्थचे व्यंगचित्र मिळाले.

याच सुमारास मॅनिकिन चित्राच्या मागून चित्राच्या मध्यावर आला. द किरिकोच्या ‘अस्वस्थ करणाऱ्या देवता’मध्ये (1916-18) फेरारा शहराच्या किल्ल्यासमोर शिंप्याच्या बाहुल्यांसारख्या, चेहरा नसलेल्या आकृती आहेत. महायुद्धानंतर बर्लिनमध्ये राउल हाउसमानने केस बसवणाऱ्यांकडचे लाकडी डोके घेऊन त्यावर फूटपट्टी, मोजपट्टी, पैशाचे पाकीट अडकवले आणि त्याला ‘आपल्या काळाचा आत्मा’ म्हटले. ग्रोसने 1920 मध्ये कृत्रिम अवयवांची, चेहरे नसलेली नागरिकांची जोडी रंगवली. युद्धातून हातपाय गमावून परतलेली माणसे तेव्हा जर्मनीच्या रस्त्यांवर होती. सांध्यांचा माणूस आता साधन राहिला नव्हता, तो शेजारी झाला होता. इथे मॅनिकिन कुणाला लपवत नाही. ठेवू तसे राहणारे शरीर सैन्याला आणि कारखान्यालाही हवे असते, हे तो उघड सांगतो.

याच्या तुलनेत 1938 च्या पॅरिसमधील अतिवास्तववाद्यांच्या प्रदर्शनातला ‘रस्ता’ मला मागे जाणारा वाटतो. दुकानांतल्या सोळा स्त्री-मॅनिकिन ओळीने उभ्या केल्या होत्या. आंद्रे मासाँने आपल्या बाहुलीचे डोके पिंजऱ्यात घातले आणि तोंडाला पट्टी बांधली. ती प्रतिमा गाजली. सजवणाऱ्यांत सोनिया मोसे ही एकच स्त्री होती. मनातल्या दडपलेल्या इच्छा मोकळ्या करण्याची भाषा त्या प्रदर्शनात होती. पण मुळात जिला तोंड नाही तिचे तोंड बांधण्यात कसले धाडस आहे? 1992 मध्ये सिंडी शर्मनने वैद्यकीय उपयोगाच्या मॅनिकिनचे सुटे अवयव मांडून छायाचित्रे काढली, तेव्हा या प्रश्नाला उत्तर मिळाले असे मी मानतो. ती छायाचित्रे पाहवत नाहीत, आणि पाहवू नयेत अशीच आहेत. बाहुलीत इच्छा ओतणाऱ्यासमोर तिने फक्त प्लास्टिक ठेवले.

बाहुलीची ही जुनी ताकद अजून संपलेली नाही. 2013 मध्ये मुंबई महापालिकेत दुकानाबाहेरच्या अंतर्वस्त्रांतल्या मॅनिकिनवर बंदी घालण्याचा ठराव झाला. त्याची पुष्कळ थट्टा झाली. त्या थट्टेत एक गोष्ट निसटली. निर्जीव वस्तू बाईविषयी काहीतरी बोलते, हे ठराव करणाऱ्यांनाही मान्य होते आणि तिला दुकानाच्या दाराशी उभे करणाऱ्या व्यापाऱ्यालाही. वाद फक्त ती काय बोलते याचा होता. त्या वस्तूला कपडे घालणाऱ्या, ऊन-धूळ खात तिच्याशेजारी दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेतीचा विषय कुणी काढला नाही.

म्हणून चित्रात मॅनिकिन दिसला, तर त्याला दोष म्हणून बाजूला सारू नये असे मला वाटते. ताठ कोपर, जरा जास्तच आज्ञाधारक चुणी, मानेखाली बदललेला हात या खुणांपाशी थांबावे आणि विचारावे : इथे कोण उभे राहू शकले नाही, कुणाला उभे राहू दिले गेले नाही, आणि उरलेले काम कुणी केले? चित्र महान आहे की नाही हे या प्रश्नांनी ठरत नाही. ते किती माणसांचे आहे, हे मात्र कळते.