प्रमिथियसचे हात, गाइयाची अनुपस्थिती

प्राचीन ग्रीकांच्या उत्पत्तिकथांवर उभ्या राहिलेल्या नृत्याचा विचार करताना या कथांच्या दोन परंपरा आधी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली इ.स.पू. 700 च्या सुमारास हेसिअड या कवीने रचलेल्या ‘थिऑगोनी’त, म्हणजे देवांच्या वंशकाव्यात, येते: आरंभी केऑस ही आ वासलेली पोकळी, तिच्यामागून गाइया ही पृथ्वी, आणि मग गाइयानेच जन्म दिलेला युरेनस हा आकाशदेव, जो तिच्यापासून झालेली मुले तिच्याच उदरात दडपून ठेवतो, अखेर तिने घडवलेल्या विळ्याने क्रोनोस हा धाकटा मुलगा बापाचे लिंग छाटतो आणि कोंडलेला जन्म मोकळा होतो. दुसरी परंपरा त्यानंतरची, प्रमिथियस या टायटनवंशीय देवाने मातीतून माणूस घडवल्याची. पहिलीत सृष्टी प्रसवली जाते, दुसरीत ती हातांनी घडवली जाते. आणि युरोप-अमेरिकेच्या गाजलेल्या नृत्यरचनांनी गेली दोन शतके या दुसऱ्या कथेलाच जवळ केले आहे.

1801 मध्ये व्हिएन्नात साल्व्हातोरे व्हिगानो याने बीथोव्हनच्या संगीतावर प्रमिथियसचे बॅले बसवले, त्यात दोन पुतळ्यांना प्राण मिळतो आणि कलादेवता त्यांना संस्कार देतात. संगीत टिकले, मूळ नृत्य मात्र हरवले. याहून बोलके उदाहरण नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिनच्या ‘अपोलो’चे आहे. स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावरील ही रचना 1928 मध्ये पॅरिसला प्रथम सादर झाली तेव्हा तिचा आरंभ अपोलोची आई लेटो हिच्या प्रसूतिवेदनांनी आणि या देवाच्या जन्माने होत असे. 1979 मध्ये बॅलन्शिनने तो प्रवेशच काढून टाकला. रचना त्यामुळे अधिक नितळ झाली, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की अभिजाततेच्या या कल्पनेत देव थेट उभाच राहतो, त्याला आई लागत नाही.

ही उणीव भरून काढण्याची सर्वाधिक क्षमता नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहमच्या शैलीत होती. आकुंचन आणि विमोचन, म्हणजे श्वास सोडताना कटिभागापासून धड आत खेचणे व श्वास घेताना ते मोकळे करणे, हा त्या शैलीचा पाया असून वेणा देणाऱ्या शरीराच्या इतके निकट जाणारे दुसरे तंत्र विसाव्या शतकात क्वचितच निर्माण झाले. तरीही ग्रॅहम वळली ती शोकांतिकांकडे: ‘नाइट जर्नी’ (1947) जोकास्टा राणीची, ‘क्लायटेम्नेस्ट्रा’ (1958) त्याच नावाच्या राणीची. या नायिकांच्या मनात ती खोल उतरली, पण विश्वाच्या आरंभापर्यंत मागे गेली नाही.

आजच्या चित्राच्या केंद्रस्थानी अथेन्सचा दिमित्रिस पापाइओआनू आहे. चित्रकलेतून नृत्याकडे आलेल्या या रचनाकाराच्या कामात पदन्यास थोडा आणि दृश्यबंध फार, म्हणून त्याला नृत्य म्हणावे की हलते शिल्प, असा प्रश्न पडू शकतो. तो फारसा फलदायी नाही. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्याने सायक्लेडिक या प्राचीन ग्रीक शैलीचे प्रचंड मस्तक फोडून त्यातून मानवी आकृती प्रकट केली, आणि त्याच सोहळ्यात उदर प्रकाशमान असलेली एक गर्भवती पाण्यातून चालवली. त्या भव्य मिरवणुकीत ती चिन्हच राहिली, शरीर झाली नाही. ‘प्रायमल मॅटर’ (2012) मध्ये तो स्वतः काळ्या पोशाखात एका नग्न पुरुषदेहाला उचलतो, वाकवतो, जणू जुळवून पाहतो. शीर्षकातले आदिद्रव्य येथे शिल्पकाराच्या हातात सापडलेला पुरुष आहे. ‘द ग्रेट टेमर’ (2017) त्यापुढे जाते. उतरत्या रंगमंचाच्या पातळ फळ्या उचकटून खालून देह बाहेर येतात, निरनिराळ्या नर्तकांचे अवयव जुळून एकच शरीर भासते, हवेतून आलेले बाण जमिनीत रुतून पिकासारखे उभे राहतात, एकाच्या बुटांच्या तळव्यांना मुळे फुटलेली दिसतात. कोणतीही कथा न सांगता हेसिअडच्या इतके जवळ जाणे हे मोठे यश आहे, कारण येथे भूमी केवळ नेपथ्य न राहता उघडते, मिटते आणि माणसे बाहेर टाकते. तथापि दृश्यांची सफाई इतकी निर्दोष आहे की प्रत्येक प्रसव चित्रासारखा देखणा होतो, आणि मूळ कथेतला कोंडमारा त्या देखणेपणात हरवतो.

युरिपिडिस लास्कारिडिस या दुसऱ्या ग्रीक रचनाकाराने ‘टायटन्स’ (2017) मध्ये हा देखणेपणाच झुगारला आहे. त्यात आदिम जीव वाढलेल्या पोटाचा, कृत्रिम नाकाचा, हास्यास्पद असा येतो. विडंबन काही वेळा स्वतःवरच खूश होऊन रेंगाळते, पण अवघडलेले पोट निदान रंगमंचावर परतते.

नर्तक अकरम खान याच्या ‘झेनोस’ (2018, अथेन्स) या एकलनृत्याचा मार्ग वेगळा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी लढलेला हिंदी सैनिक आणि प्रमिथियस यांना ते एकत्र आणते. आरंभीच्या कथकातले घुंगरू पायांतून सुटून साखळदंडासारखे दिसू लागतात, आणि पुढे मातीच्या चढावर नर्तक दोरांशी व गुरुत्वाशी झुंजत राहतो. पुराणकथेचा धागा परिचयपत्रिका न वाचणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती कदाचित लागणार नाही, हा या रचनेचा खरा दोष; परंतु मातीतून घडलेल्या माणसाला खंदकातली माती पुन्हा गिळू पाहते हे त्याला निश्चित कळते, आणि तिथे प्रमिथियसच्या कथेत शिरलेली गाइया घडवणाऱ्या हातांपेक्षा बलवान ठरते.