हाक मारता येईल असा शब्द

नवा शब्द पाठ करणं सोपं. तो तोंडात बसवणं अवघड. शासनाने १९६२ साली ‘पदनाम कोश’ काढला, तेव्हा थट्टेखोरांनी त्याचा ‘बदनाम कोश’ केला. पण ‘संचालक’ आणि ‘अभियंता’ आज कुणाला टोचतात? म्हणून मी नव्या शब्दाला पहिल्याच दिवशी हसत नाही. माझी कसोटी एकच : बांधावरून हाक मारता येते का?

सावरकरांचा ‘महापौर’ तिला उतरला. २००३ साली नगरला महानगरपालिका झाली आणि लोक जन्मापासूनची सवय असल्यासारखे ‘महापौरसाहेब’ म्हणू लागले.

२०२४ साली मात्र तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला. काय भारदस्त शब्द! अर्जावर शोभतोही. पण पारनेरकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला सातबाऱ्यावर वारसाची नोंद हवी असते. तो चावडीच्या दारातून ‘अहो ग्राम महसूल अधिकारी’ म्हणेपर्यंत साहेबांची मोटारसायकल वेशीबाहेर! तो आपला ‘भाऊसाहेब’च म्हणतो. त्या हाकेत थोडं नातं असतं, बरीचशी गरज असते. (पदनामं घडवणाऱ्यांना सातबारा लागत नसावा.)

त्याच वर्षी जिल्ह्याचं ‘अहिल्यानगर’ झालं. अहिल्याबाईंची चौंडी आमच्याच जामखेड तालुक्यातली, तेव्हा नाव घरचंच. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. जिभेला काहीच त्रास पडला नाही. आम्ही पूर्वीही ‘नगर’च म्हणत होतो. स्टँडवर अजून ‘चला, नगर, नगर!’ असंच ऐकू येतं.